दूध संस्थेचं बिल सॉफ्टवेअर : जून महिन्याच्या नोंदी

१ जून

आजपासून रोजचं लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण मागच्या महिन्यात काय बदललं आणि का बदललं हेच आठवत नाही आणि मग तेच तेच परत शोधत बसावं लागतं. काम असं आहे, आमच्या गावच्या दूध संस्थेचं दहा दिवसाचं बिल आजवर वहीतून एक्सेलमध्ये आणि एक्सेलमधून कागदावर उतरवतात, २१४ सभासद, सकाळ संध्याकाळ मिळून दिवसाला चारशेच्या आसपास नोंदी, आणि बिलाच्या आदल्या रात्री सचिवकाका आणि त्यांचा पुतण्या दोन दोन वाजेपर्यंत जागतात. हे जागरण थांबवायचं. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत करतेय, कॉलेजात तीच शिकले म्हणून.

क्लास (एका प्रकारच्या वस्तूचा साचा, त्यात तिची माहिती आणि तिची कामं) कागदावर काढले. दूध नावाचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास (ज्यातून थेट वस्तू बनत नाही, नुसता पाया), त्याचे दोन सबक्लास (त्यावर बेतलेले उपप्रकार) गायदूध आणि म्हैसदूध. उत्पादक आणि त्याचे गायउत्पादक, म्हैसउत्पादक. मग नोंद, दरपत्रक, बिल. झाड छान दिसतंय. जावात क्लासची नावं देवनागरीतसुद्धा चालतात, एक फाईल तशी करून बघितली, कंपाइल झाली (कॉम्प्युटरला चालवता येईल अशी झाली), पण कीवर्ड (भाषेचे ठरीव शब्द) इंग्रजी आणि नावं मराठी म्हणून दर शब्दाला कीबोर्ड बदलायचा, जमेना, सोडून दिलं. या नोंदींत मात्र नावं मराठीतच लिहिते.

४ जून

म्हशीच्या दुधाचा दर लिटरला १०७ रुपये आला! हिशोब साधा आहे, म्हशीचा बेस ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग), त्याला ५१ रुपये धरलेत, वरच्या फॅटच्या प्रत्येक पॉइंटला (०.१ ला) ८० पैसे. ७.० फॅट म्हणजे दहा पॉइंट, म्हणजे ८ रुपये जास्त, ५९ यायला पाहिजे. सूत्र तीनदा वाचलं, बरोबर आहे. गायीचा पण चुकतोय, पण म्हशीचा आकडा डोळ्यात भरला.

रात्री ताईला पाठवलं (मावसबहीण, पुण्यात बारा वर्षं हेच काम करते). सगळं फोल्डर झिप करून पाठवलं आणि लिहिलं की दर चुकतोय बघ ना. तिचं उत्तर आलं, "किती यायला पाहिजे होता, किती आला, आणि तो दर काढणाऱ्या पंधरा-वीस ओळी, एवढंच पाठव. सहाशे ओळीत मी काय शोधू?" जरा लागलं. पण पंधरा ओळी वेगळ्या काढायला बसले, नुसते दोन क्लास, एक मेन (जिथून प्रोग्राम सुरू होतो), बाकी सगळं उडवलं, आणि तरी १०७ च. म्हणजे वही, एक्सेल, प्रिंटर यांचा काही संबंध नाही एवढं तरी पक्कं झालं.

५ जून

सापडलं, पण आधी चुकीचं सापडलं, ते पण लिहिते.

दूध क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्येच (वस्तू तयार होताना चालणारा कोड) मी दरकाढ ही मेथड (क्लासमधलं एक काम) बोलावत होते. ती सबक्लासने ओव्हरराइड केलेली (आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिलेली), आणि ती म्हैसदूधमधलं बेसफॅट हे फील्ड (वस्तूतली माहितीची जागा) वापरते. सकाळी सहज त्या फील्डला फायनल (एकदा भरलं की बदलायचं नाही) लावलं आणि दर ५९ आला. मी बदल कॉमिट (पक्का) करून पुढं जाणार होते. मग वाटलं की हे का झालं ते ताईला विचारूया, तर ती म्हणाली, बेसफॅटची किंमत कोडमध्ये न ठेवता सेटिंगच्या फाईलमधून वाच आणि परत चालव. परत १०७.

कारण असं. म्हैसदूधचा ऑब्जेक्ट (क्लासच्या साच्यातून बनलेली वस्तू) तयार होताना आधी दूधचा कन्स्ट्रक्टर पुरा होतो, त्यानंतर म्हैसदूधची फील्ड भरतात. दूधच्या कन्स्ट्रक्टरमधून दरकाढ बोलावली की जावा इमानाने म्हैसदूधचीच दरकाढ चालवते, पण तिचं बेसफॅट अजून भरलेलंच नसतं, ते शून्य असतं. ७.० वजा ०, म्हणजे सत्तर पॉइंट, सत्तर गुणिले ८० पैसे ५६ रुपये, अधिक ५१, झाले १०७. आकडा आधीच उलटा सोडवला असता तर कालच कळलं असतं की बेसफॅट शून्य धरलं जातंय. आणि फायनल लावल्यावर चाललं ते एवढ्यासाठी की फायनल आणि समोर थेट ६.० लिहिलेलं असलं की कंपायलर ती किंमत वापराच्या जागीच चिकटवून टाकतो, फील्डकडे बघतच नाही. बग तसाच होता, झाकला गेला होता.

आता कन्स्ट्रक्टर फक्त फील्ड भरतो, दर मागितला की तेव्हा काढतो. नियम करून टाकला, कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलवायची नाही.

७ जून

काकांनी स्वतः चालवून बघितलं. त्यांचा निरोप, "पोरी, १२७ नंबरपतोर सगळं बरोबर हाय, तिथनं पुढं सकाळचं संध्याकाळचं एकत्रच येईना." मी आधी विश्वासच ठेवला नाही, १२७ आणि १२८ मध्ये असा काय फरक. पण खरंच तसं. १२७ नंबरच्या सभासदाचं दोन्ही वेळचं दूध एका ओळीत, १२८ च्या दोन वेगळ्या ओळी, आणि तिथून २१४ पर्यंत सगळ्यांचं तेच.

माझ्या टेस्टमध्ये वीसच सभासद होते, म्हणून कधी दिसलं नाही.

यावेळी ताईला विचारायच्या आधीच छोटा प्रोग्राम केला. दोन इंटिजर ऑब्जेक्ट (पूर्णांक आत ठेवलेले), दोन्हीत १२७, दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना, उत्तर ट्रू. दोन्हीत १२८, उत्तर फॉल्स. सात ओळी. ताईला त्या सात ओळी पाठवल्या तर दोन मिनिटात उत्तर. फाईलमध्ये नंबर रिकामा असू शकतो म्हणून मी साधा इंट (नुसता आकडा, तो रिकामा ठेवता येत नाही) न घेता इंटिजर ऑब्जेक्ट घेतला होता. ऑब्जेक्टवर दोन बरोबरची चिन्हं टाकली की जावा किंमत बघत नाही, दोघं मेमरीत एकच आहेत का ते बघते. पण उणे १२८ ते १२७ या आकड्यांचे ऑब्जेक्ट जावा आधीच करून ठेवते आणि दरवेळी तोच हातात देते, म्हणून तिथपर्यंत एकच निघतात आणि पुढं दरवेळी नवा. इक्वल्सने (ही मेथड किंमत बघते) तुलना केली, झालं. स्ट्रिंगचं (मजकुराचं) पण हेच असतं हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं, पण आकड्यालाही लागू होईल हे डोक्यात आलं नव्हतं.

काकांना सांगितलं की तुम्ही १२७ हा आकडा सांगितला म्हणून एका तासात सुटलं. "काही काही सभासदांचं चुकतंय" असं म्हणाले असते तर दोन दिवस गेले असते. हे खरंच आहे. त्यांना कोडमधलं अक्षर येत नाही पण चूक नेमकी कुठून सुरू होते ते वहीत बोट ठेवून दाखवता येतं, मला ते शिकायला पाहिजे.

१० जून

पैशांसाठी डबल (दशांशाचे आकडे अंदाजे ठेवणारा प्रकार) वापरणं बंद. ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं हे सगळ्यांना माहीत असतं, मला पण होतं, तरी वापरलं. आता सगळीकडे बिगडेसिमल (दशांश नेमके ठेवणारा), आणि तोही स्ट्रिंगपासून बनवायचा, डबलपासून बनवला तर तीच घाण आत येते. आणखी एक, बिगडेसिमलचं इक्वल्स २.० आणि २.०० वेगळे समजतं, तिथं नुसती किंमत बघणारं कंपेअरटू वापरायचं. राउंडिंग कुठं करायचं हा प्रश्न मात्र काकांनीच सोडवला, म्हणाले दर नोंदीला कर, कारण सभासदाच्या हातात रोजची चिठ्ठी असते आणि तो दहा दिवसाच्या चिठ्ठ्या घरी बेरीज करून येतो, त्याची बेरीज आणि बिल जुळलं पाहिजे.

१२ जून

आजचा सगळ्यात वाईट. दूध संघाने ११ तारखेपासून दर बदलला, मी दरपत्रकात नवा दर सेट केला. आज एका सभासदाने १ ते १० चं बिल हरवलं म्हणून परत मागितलं, छापलं, तर रक्कम वेगळी. जुन्या दुधाला नवा दर. तो बिचारा काही बोलला नाही पण काकांचा चेहरा पडला, कारण गावात एकदा पसरलं की बिल बदलतं, तर मग कितीही समजावा. दोन्ही कागद समोर ठेवून बघत बसले होते.

दुपारभर नोंदींचा कोड वाचला. दोष माझ्या रचनेचा. प्रत्येक नोंदीत दरपत्रक हे फील्ड आहे आणि मला वाटत होतं की प्रत्येक नोंदीकडे आपापलं दरपत्रक आहे. तसं नसतं, फील्डमध्ये ऑब्जेक्ट नसतो, त्याचा पत्ता असतो. चार हजार नोंदी, आणि चारही हजार एकाच दरपत्रकाकडे बोट दाखवतायत. मी सेटरने (फील्डमधली किंमत बदलणारी मेथड) तिथला आकडा बदलला तेव्हा चारही हजार नोंदींचा दर बदलला, मागच्या सुद्धा.

ताईला फोन केला, यावेळी प्रश्न असा लिहून ठेवला होता: एक दरपत्रक, दोन नोंदी, सेटर बोलावल्यावर पहिल्या नोंदीची रक्कम बदलते, बदलायला नको. ती म्हणाली, "प्रश्नातच उत्तर लिहिलंयस. सेटर काढून टाक."

काढला. दरपत्रक एकदा बनलं की बदलत नाही, सगळी फील्ड फायनल, आणि त्यात लागू झाल्याची तारीख आहे. दर बदलला की नवा ऑब्जेक्ट, जुन्या नोंदी जुन्याकडेच बघणार. आणि नोंद होताना त्या दिवशीचा दर आणि रक्कम नोंदीतच लिहून ठेवते, जशी काका वहीत लिहितात. वहीत कुणी मागचा दर खोडून नवा लिहीत नाही. मी वहीकडे नीट बघितलं असतं तर ही वेळ आली नसती.

मग याच नजरेने बाकी गेटर (फील्डमधलं बाहेर देणाऱ्या मेथड) तपासले, तर बिलाच्या आतली कपातींची यादी (पेंड, अ‍ॅडव्हान्स, शेअर्स) गेटर जशीच्या तशी बाहेर देतोय, आणि छपाईचा कोड छापून झाल्यावर ती यादी क्लिअर करतोय, म्हणजे दुसऱ्यांदा छापलं की पेंडीचे पैसे कापलेच जाणार नाहीत. हा अजून कुणाला सापडला नव्हता. आता यादीची कॉपी देते.

१५ जून

सभासद, तारीख आणि वेळ (सकाळ की संध्याकाळ) यांची मिळून एक की (शोधायची खूण) बनवली आणि नोंदी हॅशमॅपमध्ये (की वरून नोंद पटकन शोधून देणारी रचना) टाकल्या. पहिल्यांदा इक्वल्स आणि हॅशकोड लिहिलेच नाहीत, मग इक्वल्स लिहिलं आणि हॅशकोड विसरले, हे दोन्ही लवकर कळलं. तिसरं कळायला दिवस गेला.

पुतण्याने एक नोंद चुकून सकाळमध्ये टाकली होती, ती दुरुस्ती करून संध्याकाळ केली, म्हणजे त्या की मधलं वेळ हे फील्डच बदललं. त्यानंतर ती नोंद सकाळ म्हणून शोधली तरी नल (काहीच नाही), संध्याकाळ म्हणून शोधली तरी नल, आणि सगळा मॅप छापला तर समोर दिसतेय! संध्याकाळ म्हणूनच दिसतेय! मला वाटलं जावातच काहीतरी गडबड आहे, खरंच वाटलं.

ताईने मॅपचं पासबुकांच्या कपाटासारखं सांगितलं ते डोक्यात बसलं. समज दहा खण आहेत, पासबुकाच्या नंबरचा शेवटचा आकडा ज्या खणाचा, त्या खणात ते ठेवायचं. आता १४३ नंबरचं पासबुक ३ च्या खणात आहे आणि कुणीतरी त्यावरचा नंबर पेनाने खोडून १४७ केला, पण पासबुक ३ च्याच खणात राहिलं. १४३ शोधायला गेलं तर खण बरोबर उघडतो पण आत त्या नंबरचं काही नाही. १४७ शोधायला गेलं तर ७ चा खण उघडतो, तिथं तर ते नाहीच. कपाट रिकामं केलं तर मात्र सापडतं. हॅशकोड म्हणजे कुठला खण, इक्वल्स म्हणजे आत गेल्यावर हेच का ते.

१६ जून

की चा रेकॉर्ड केला. जावाच्या आवृत्ती १६ पासून रेकॉर्ड पक्के आलेत, एका ओळीत फील्ड लिहायची, इक्वल्स हॅशकोड आपोआप मिळतं, आणि सेटर नाहीत. दुरुस्ती म्हणजे जुनी नोंद काढून नव्या की ने घालणं. पन्नास ओळी गेल्या.

आता १२ तारखेचा आणि कालचा, दोन्ही बग एकाच जातीचे दिसतायत मला. दोन्हीकडे मी दुसरा कुणीतरी धरून बसलेला ऑब्जेक्ट त्याला न सांगता बदलला.

१८ जून

एक सभासद गाय आणि म्हैस दोन्हीचं दूध घालायला लागला. १ तारखेचं ते झाड आज पाडलं. गायउत्पादक आणि म्हैसउत्पादक असे सबक्लास केल्यामुळे याला बसवायला जागाच नव्हती, मी दोनउत्पादक म्हणून तिसरा क्लास करायला सुद्धा घेतला होता, मग थांबले, उद्या त्याने म्हैस विकली तर काय, ऑब्जेक्टचा क्लास तर बदलता येत नाही. माणूस हा गायवाला म्हशीवाला नसतोच, त्याच्याकडे जनावरं असतात. आता उत्पादक एकच, आणि दुधाचा प्रकार नोंदीत. काकांच्या वहीत पण उत्पादकाचं एकच पान आहे आणि रकान्यात गा किंवा म्ह लिहिलेलं असतं.

गायदूध म्हैसदूध पण काढले. फरक फक्त आकड्यांचा होता, गायीला ३.५ आणि ८.५, म्हशीला ६.० आणि ९.०, त्यासाठी क्लास कशाला. जिथं वागणं खरंच वेगळं आहे तिथं इंटरफेस (काय करायचं तेवढंच सांगणारा, कसं ते ज्याचं त्याचं) ठेवला, तो म्हणजे एसएनएफ काढण्याचा. एके ठिकाणी मशीन थेट एसएनएफ देतं, दुसरीकडे लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजणारं साधन) डिग्री घेऊन सूत्राने काढतात, डिग्री भागिले चार, अधिक फॅटच्या ०.२ पट, अधिक एक ठरीव आकडा, आणि तो ठरीव आकडा सगळीकडे सारखा नसतो. कोडमध्ये सात ठिकाणी गाय असेल तर, म्हैस असेल तर असं इफ होतं, ते सगळं गेलं.

२० जून

रद्द केलेल्या नोंदींसाठी रद्दनोंद हा नोंदचा सबक्लास केला होता, आणि त्याची रक्कम मागितली की एक्सेप्शन (प्रोग्राम मध्येच थांबवणारी चूक) टाकायचा. ११ ते २० च्या बिलाची बेरीज मध्येच आपटली, कारण बेरीज करणाऱ्याला काय माहीत यादीत कुठली नोंद कशी आहे. स्टॅक ट्रेसचा (चूक कुठल्या ओळींतून आली त्याची यादी) फोटो ताईला पाठवला तर म्हणाली फोटो नको, टेक्स्ट पाठव, आणि पाठवायच्या आधी वरून खाली वाचत ये, तुझ्या स्वतःच्या पॅकेजची (तू लिहिलेल्या कोडची) पहिली ओळ कुठली ते बघ. ओळ बघितली आणि पाठवायची गरजच राहिली नाही.

सबक्लास मूळ क्लासच्या जागी आला तरी काही बिघडायला नको, यालाच लिस्कोव्हचं तत्त्व म्हणतात, कॉम्प्युटर शास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या भाषणात मांडलेलं. ताईचं मराठी असं, घरधनी आला नाही आणि पोरगं दूध घालायला आलं तर मापात, चिठ्ठीत काही फरक पडायला नको, पोराला बघून केंद्र बंद पडत असेल तर त्याला बदली म्हणून पाठवायचं नाही. आता रद्द ही नोंदीचीच एक स्थिती आहे आणि रद्दची रक्कम शून्य.

२३ जून

चौदा सभासदांचं बँक खातं नाही, रोखीने घेतात, खाते फील्ड नल, बँकेची यादी काढताना नल पॉइंटरची चूक (नसलेल्या ऑब्जेक्टला हात घातला). नल रेफरन्स (कुठेच बोट न दाखवणारा पत्ता) १९६५ मध्ये कॉम्प्युटर शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी आणला आणि २००९ मध्ये त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं, ते आज पटलं. एक बरं, नव्या जावात एक्सेप्शनच्या मेसेजमध्येच नेमकं काय नल होतं ते लिहून येतं. पैसे देण्याचा मार्ग असा इंटरफेस केला, रोख आणि बँक असे दोन, नलचा प्रश्नच नको.

१ जुलै

२१ ते ३० चं बिल वहीशी ताडून बघितलं, मी, काका आणि पुतण्या, एकजण वाचतोय, एकजण टिक करतोय. २१४ पैकी २११ पैशाला पैसा जुळले. तीन राहिले. दोन ठिकाणी वहीतलीच बेरीज चुकलेली निघाली, काकांनी स्वतः दोनदा करून बघितली आणि लाल पेनाने दुरुस्त केली.

तिसरा १२८ नंबर, त्याची ३० तारखेची संध्याकाळ बिलातच नाही. काल संध्याकाळी पावसाने लाईट गेली होती, नोंदी कागदावर घेतल्या आणि लाईट आल्यावर रात्री पुतण्याने भरल्या, ही शेवटची भरायला बारा वाजून गेले. माझा नोंदचा कन्स्ट्रक्टर तारीख स्वतःच कॉम्प्युटरच्या घड्याळातून घेतो, म्हणून ती १ जुलै झाली आणि पुढच्या बिलात गेली. तारीख बाहेरून द्यायला पाहिजे, भरण्याची वेळ वेगळी आणि दूध घातल्याची तारीख वेगळी, दोन फील्ड. आधी टेस्ट लिहिली, रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी भरलेली आदल्या दिवशीची नोंद, ती आत्ता नापास होतेय. काकांनी १२८ वाल्यांना बिल थांबवून ठेवलंय म्हणून सांगितलंय, उद्या सकाळच्या दुधाच्या आत करून देते.